घरातल्या सगळ्या गाड्या एकाच पॉलिसीत? आधी आरसीवरचं नाव बघा

दोन गाड्या आणि एक स्कूटर असलेलं घर मुंबईत आता नवलाचं राहिलेलं नाही. बाबांची जुनी सेदान, मुलाची किंवा सुनेची हॅचबॅक आणि स्टेशनपर्यंत जायला स्कूटर. तिन्हींच्या विम्याच्या तारखा वेगळ्या, कंपन्या वेगळ्या आणि वर्षभर रिन्युअलचे मेसेज. मग कुणीतरी विचारतंच, की हे सगळं एकाच पॉलिसीत बसवता येत नाही का?

अर्धं बसतं, अर्धं बसत नाही. आणि जे बसतं तेही प्रत्येक घराने घ्यावं असं नाही. आमचा कल आधीच सांगतो: पॉलिसी एक करण्यापेक्षा तारीख एक करणं बहुतेक घरांना जास्त सोयीचं पडतं. फ्लोटर, म्हणजे अनेक गाड्यांना मिळून एकच कव्हर, घ्यायचाच असेल तर इमारतीचं पार्किंग डोळ्यांसमोर ठेवून घ्या. कारण खाली येईलच.

अमेरिकेतला मावसभाऊ सांगतो ते इथे का लागू होत नाही

तिकडे घरातल्या सगळ्या गाड्या एका पॉलिसीवर घेण्याची पद्धत जुनी आहे. घरात कोण कोण गाडी चालवतं त्यांची नावं पॉलिसीत लिहितात, त्यांच्या वयावर आणि रेकॉर्डवर हप्ता ठरतो, आणि दुसरी गाडी जोडली की सूट मिळते. आपल्याकडे विमा गाडीला चिकटलेला असतो. वैध लायसन्स असलेली कुणीही व्यक्ती मालकाच्या परवानगीने गाडी चालवत असेल तर पॉलिसी चालते. बायको, भाऊ, मेहुणा यांची नावं कुठे नोंदवावी लागत नाहीत. त्यामुळे ‘घरातले सगळे ड्रायव्हर एका पॉलिसीत’ हा तिकडचा मोठा फायदा आपल्याला आधीपासूनच मिळालेला आहे. उरतो प्रश्न कागद, तारीख आणि सवलतीचा.

आपल्याकडे काय परवानगी आहे

विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये ओन डॅमेज कव्हरला जोडण्यासाठी तीन नव्या प्रकारांना मोकळीक दिली: जेवढी गाडी चालवाल तेवढा हप्ता, जशी चालवाल तसा हप्ता, आणि एकाच व्यक्तीच्या मालकीच्या दुचाकी व खासगी गाड्यांसाठी फ्लोटर. त्याआधी २०२० मध्ये सँडबॉक्स, म्हणजे मर्यादित चाचणीच्या, योजनेखाली अशा फ्लोटरचा प्रयोग झाला होता.

या परवानगीतले तीन शब्द नीट वाचायला हवेत. पहिला, ओन डॅमेज. म्हणजे फ्लोटर फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागाला लागतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, हिशोब प्रत्येक गाडीचा स्वतंत्रच. दुसरा, खासगी. पिवळ्या नंबरप्लेटची टुरिस्ट टॅक्सी, घरची रिक्षा, दुकानाचा टेम्पो यांतलं काहीच त्यात येत नाही. तिसरा आणि सगळ्यात अडचणीचा: एकाच व्यक्तीच्या मालकीच्या.

आरसीवर कुणाचं नाव आहे

घर एक असलं तरी आरसी एका नावावर नसते. सेदान वडिलांच्या नावावर, हॅचबॅक कर्ज मुलाला मिळालं म्हणून मुलाच्या, स्कूटर सुनेच्या. पत्ता एकच, स्वयंपाकघर एकच, तरी विम्याच्या दृष्टीने हे तीन मालक. फ्लोटरचा विषय इथेच संपतो. गाडी फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तरीही संपतो, कारण नियम व्यक्तीसाठी आहे.

मग ‘नावं एक करून घेऊ’ असा सल्ला कुणीतरी देतो. त्यात काय जातं ते बघा. फॉर्म २९ आणि ३० भरून ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, जिथली नोंदणी असेल त्या आरटीओत हस्तांतर करावं लागतं. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेची संमती. पण खरा फटका नो क्लेम बोनसचा (एनसीबी), म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा बसतो. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. वडिलांची सेदान ५० टक्के एनसीबीवर चालली असेल आणि ती मुलाच्या नावावर केली, तर मुलाचा त्या गाडीवरचा एनसीबी शून्यापासून सुरू होतो. पॉलिसी मध्येच ट्रान्सफर केली तर उरलेल्या मुदतीचा एनसीबीचा फरक कंपनी वसूल करते. वडिलांचा ५० टक्के वाया जात नाही; त्यांनी एनसीबी सर्टिफिकेट घेऊन ठेवलं तर तीन वर्षांत त्यांच्या नावावर येणाऱ्या दुसऱ्या गाडीला तो लावता येतो. पण ते सत्तरी पार केलेले असतील आणि नवी गाडी घ्यायचीच नसेल, तर ते सर्टिफिकेट ड्रॉवरमध्येच राहणार. फ्लोटरच्या सवलतीसाठी ५० टक्के एनसीबी सोडणं हा व्यवहार तोट्याचा आहे.

नाव बदलल्यावर पॉलिसीवर नाव बदलायला १४ दिवस असतात. थर्ड पार्टी कव्हर कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप जातं, ओन डॅमेज तसं जात नाही. आरसीवर मुलगा आणि पॉलिसीवर वडील अशी स्थिती राहिली आणि त्याच काळात गाडी ठोकली, तर क्लेम अडकलाच.

याच संदर्भात एक गोष्ट, जिच्याकडे मुंबईतल्या पुष्कळ घरांत दुर्लक्ष होतं. मालकाचं निधन झालं तर चालू पॉलिसी मृत्यूच्या दिवसापासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवरच वारसांसाठी चालते. तेवढ्या वेळात आरटीओत फॉर्म ३१ देऊन गाडी वारसाच्या नावावर करायची आणि पॉलिसीही. ‘ऑनलाइन रिन्यू होतेय ना, मग होऊ दे’ म्हणून गेलेल्या माणसाच्या नावावर हप्ते भरत राहणारी घरं आहेत. हप्ता घेतला जातो. क्लेमच्या वेळी सही कुणाची, हा प्रश्न मग उभा राहतो. अशा वारसा-हस्तांतरात मात्र एनसीबी जोडीदाराला, मुलांना किंवा आईवडिलांना मिळू शकतो. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही मागा.

सवलत नेमकी कशावर मिळणार

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. सगळ्या कंपन्यांना एकच, आणि त्यावर घरात गाड्या किती आहेत म्हणून सूट नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी गाडी १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६, त्यावर ७,८९७. दुचाकी ७५ सीसीपर्यंत ५३८, ७५ ते १५० सीसी ७१४, १५० ते ३५० सीसी १,३६६, त्यावर २,८०४. विजेवरच्या गाड्यांना किलोवॅटनुसार कमी दर: ३० किलोवॅटपर्यंतच्या कारला १,७८०, ३० ते ६५ किलोवॅटला २,९०४.

आता ११९७ सीसीची एक, ९९८ सीसीची एक आणि ११० सीसीची स्कूटर धरा. ३,४१६ अधिक २,०९४ अधिक ७१४ म्हणजे ६,२२४. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ७,३४४ रुपये. हे पैसे पॉलिसी एक असो की तीन, जाणारच. सूट उरलेल्या ओन डॅमेजच्या भागावर. समजा तिन्हींचा मिळून तो १५,००० आहे आणि फ्लोटरवर आणखी १० टक्के सुटले, तर वाचले १,५०० अधिक त्यावरचा जीएसटी. बरी रक्कम आहे. पण ओन डॅमेजचे दर २००७ पासून खुले आहेत, म्हणून तीन वेगळ्या पॉलिस्यांचे कोट दोन-तीन कंपन्यांकडून मागवले तरी एवढा फरक बरेचदा निघतो. फ्लोटरचा कोट नेहमी अशा ताज्या कोटांशी ताडा. गेल्या वर्षी भरलेल्या हप्त्याशी तुलना करून उपयोग नाही.

दर ताडताना आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, सारखी धरा. आयडीव्ही खाली ओढली की हप्ता आपोआप स्वस्त दिसतो. नियमाने गाडीच्या वयानुसार सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायची. जुन्या सेदानच्या बाबतीत हीच जागा घासाघिशीची. आयडीव्ही ठरवताना सेकंडहँड बाजारातला भाव बघून बोला.

पार्किंगमध्ये पाणी शिरलं तर

मेडिक्लेमचा फॅमिली फ्लोटर आपल्या परिचयाचा आहे. त्यातलं गृहीतक असं, की घरातले सगळे एकाच वर्षी आजारी पडणार नाहीत, म्हणून एक रक्कम सगळ्यांना पुरते. गाड्यांच्या बाबतीतही हे ठीक वाटतं: सेदान ठोकली म्हणून त्याच दिवशी हॅचबॅक ठोकली जात नाही.

पण मुंबईत गाड्यांचं सगळ्यात मोठं नुकसान सिग्नलवर होत नाही, पार्किंगमध्ये होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा इमारतीच्या इमारतींच्या गाड्या एका रात्रीत पाण्याखाली गेल्या. त्यानंतर शहरात बेसमेंट पार्किंग वाढलं, खड्ड्यात उतरणारी हायड्रॉलिक स्टॅक पार्किंगं आली. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं दर पावसाळ्यात बातम्यांत असतात. पण सबवेत एक गाडी अडकते, बेसमेंटमध्ये घरच्या तिन्ही एकदम भिजतात. म्हणजे फ्लोटरचं गृहीतक नेमकं आपल्या शहरात कोसळतं.

म्हणून फ्लोटर घेण्याआधी पहिला प्रश्न: शेड्यूलमध्ये प्रत्येक गाडीची आयडीव्ही स्वतंत्र छापलेली आहे की सगळ्यांना मिळून एकच मर्यादा आहे? समजा सेदान ६ लाख, हॅचबॅक साडेतीन लाख, स्कूटर ५० हजार, बेरीज १० लाख. मर्यादा सगळ्यात महाग गाडीएवढी, ६ लाखांची, ठेवली असेल आणि तिन्ही टोटल लॉस झाल्या, तर ४ लाखांचा खड्डा तुमच्या खिशातून भरायचा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात. डॅशबोर्डपर्यंत पाणी आलेल्या जुन्या गाडीला तिथे पोहोचायला फार लागत नाही. स्वतंत्र आयडीव्ही छापलेली असेल तर हा धोका नाही आणि मग फ्लोटर सुखाने घ्या.

इंजिनचं वेगळं. पूर किंवा साचलेलं पाणी पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या पॉलिसीत, येतं. पण पाण्यात उभी असलेली गाडी स्टार्ट केली, पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी म्हणते हे पुराचं नुकसान नाही, तुमच्या चावीचं आहे. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात आणि त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन, म्हणजे जादा कव्हर, लागतं. घरातल्या सगळ्या गाड्यांना सगळी ॲड-ऑन घेण्याची गरज नसते, पण जी गाडी बेसमेंटमध्ये किंवा स्टॅकच्या खालच्या पाळण्यात उभी राहते तिला हे हवंच. पोडियमवर तिसऱ्या मजल्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला ते नसलं तरी चालेल, ती रोज सबवेतून जात नसेल तर. फ्लोटरमध्ये ॲड-ऑन गाडीनिहाय निवडता येतात की सगळ्यांना एकच संच लागतो, हे विचारून घ्या. दहा वर्षांच्या सेदानला झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारं ॲड-ऑन, बहुधा मिळतच नाही, दोन वर्षांच्या हॅचबॅकला ते नसणं म्हणजे बंपर, हेडलाइट, मडगार्ड लायनर या सगळ्या प्लास्टिकचे ५० टक्के पैसे स्वतः भरणं.

पाणी शिरलंच तर: चावी लावून बघू नका, धक्का मारून स्टार्ट करू नका. हात पोहोचत असेल आणि सुरक्षित असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. इलेक्ट्रिक गाडीला मात्र स्वतः हात लावू नका. भिंतीवरची आणि दारावरची पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, प्रत्येक गाडीचा नंबर दिसायला हवा. प्रत्येक गाडीचा क्लेम नंबर वेगळा घ्या, तिन्ही एकाच फोनवर सांगितल्या तरी. वजावटही प्रत्येकीची वेगळी: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,०००, त्यावर २,०००, दुचाकीला १०० रुपये. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गॅरेजला काही उघडू देऊ नका.

आपलीच गाडी आपल्याच स्कूटरला लागली तर

अरुंद पार्किंगमध्ये हे होतंच. रिव्हर्स घेताना गाडीचा बंपर स्कूटरला लागतो, स्कूटर आडवी होते. गाडीच्या थर्ड पार्टी कव्हरमधून स्कूटरचे पैसे मिळतील असं वाटतं, पण विमा घेतलेल्याची स्वतःची मालमत्ता किंवा त्याच्या ताब्यातली वस्तू थर्ड पार्टीत धरत नाहीत. दोन्ही एकाच नावावर असतील तर गाडीचं नुकसान गाडीच्या ओन डॅमेजमधून, स्कूटरचं स्कूटरच्या. स्कूटरला नुसतं थर्ड पार्टी असेल तर काहीच नाही. स्कूटर सुनेच्या नावावर असेल तर कागदोपत्री ती तिसरी व्यक्ती ठरते, पण त्यासाठी मोटार अपघात दावे न्यायाधिकरणात सासऱ्यावर दावा लावायचा. हेडलाइटच्या काचेसाठी कोण लावेल!

तारीख एक करायची ती अशी

आता ज्याला आम्ही खरं उपयोगी समजतो ते काम. एका कागदावर प्रत्येक गाडीपुढे लिहा: मालकाचं नाव, थर्ड पार्टी कधी संपते, ओन डॅमेज कधी संपतं, एनसीबी किती टक्के. तारखा दोन लिहायच्या, कारण सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचं आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचं थर्ड पार्टी सक्तीचं आहे, ओन डॅमेज मात्र वर्षाचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतलेल्या कारचं थर्ड पार्टी नोव्हेंबर २०२६ पर्यंत चालतं आणि मधली दोन वर्षं फक्त ओन डॅमेज रिन्यू करायचं असतं. ते दुसऱ्या कंपनीकडून घेतलं तरी चालतं, फक्त थर्ड पार्टीच्या पॉलिसीचा नंबर आणि मुदत त्यात बरोबर टाका. अशा गाडीची तारीख हलवू नका. लाँग टर्म थर्ड पार्टी मध्येच रद्द करता येत नाही आणि दोन भागांच्या तारखा कायमच्या वेगळ्या होऊन बसतात. मुदत संपू द्या, मग बघा.

बाकीच्या गाड्यांना मे महिन्याचा पहिला आठवडा आम्हाला सगळ्यात योग्य वाटतो. पावसाआधी कव्हर ताजं होतं, इंजिन प्रोटेक्ट घ्यायचं की नाही हे पार्किंगकडे बघून ठरवता येतं, आणि ऐन जुलैत पॉलिसी लॅप्स होऊन इन्स्पेक्शनसाठी व्हिडिओ काढत बसण्याची वेळ येत नाही.

तारीख सरकवायचे दोन रस्ते. एक, मुदतवाढ. चालू वार्षिक पॉलिसी १२ महिन्यांपेक्षा कमी काळासाठी वाढवून सोयीच्या तारखेला आणण्याची तरतूद जुन्या मोटर टॅरिफमध्ये आहे: दिवसांच्या प्रमाणात हप्ता भरायचा, अट एवढीच की पुढचं रिन्युअल त्याच कंपनीत करायचं. मार्चमध्ये संपणारी पॉलिसी मेपर्यंत नेण्यासाठी हे उत्तम. ॲपवर हा पर्याय दिसत नाही. शाखेत लेखी अर्ज द्यावा लागतो आणि मान्यता आधी मिळवावी लागते. काही शाखांत ‘सिस्टीममध्ये नाही’ असं उत्तर मिळतं. तिथे वाद घालण्यापेक्षा दुसरा रस्ता धरा.

दोन, रद्द करून नवी घेणं. २०२४ पासून किरकोळ ग्राहकाला कारण न देता पॉलिसी रद्द करता येते आणि क्लेम घेतलेला नसेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात. थर्ड पार्टीचा भाग सोडताना दुसरी पॉलिसी असल्याचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून क्रम असा: आधी नवी पॉलिसी घ्यायची, तिची प्रत जोडून मग जुनी त्याच क्षणापासून रद्द करायची. मध्ये एक दिवसही मोकळा राहू नये. विमा नसलेली गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्यांदा २,००० आणि नंतर ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

यात एक छुपा खर्च आहे. एनसीबीची पायरी पूर्ण १२ महिने क्लेमशिवाय गेल्यावरच चढते: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. सप्टेंबरमध्ये संपणारी पॉलिसी मेमध्ये रद्द केली तर त्या आठ महिन्यांची पायरी मिळत नाही. एनसीबीच्या आधीचा ओन डॅमेज हप्ता १०,००० आणि सध्याचा एनसीबी ३५ टक्के धरा. सप्टेंबरमध्ये ४५ झाला असता, तो पुढच्या मेपर्यंत लांबतो: आठ महिने १० टक्क्यांचा फरक, म्हणजे साधारण ६६७ रुपये. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ची पायरी तितकीच लांबते: आठ महिने ५ टक्के, ३३३ रुपये. एकूण १,००० आणि त्यावर जीएसटी. ज्या गाडीचा एनसीबी आधीच ५० वर पोहोचलाय तिला हा खर्च शून्य. म्हणून जुनी, ५० टक्क्यांवरची गाडी बिनधास्त हलवा. मधल्या पायरीवरच्या गाडीला मुदतवाढ मिळत नसेल तर तिची तारीख आहे तिथेच राहू द्या.

फ्लोटरमध्ये एनसीबीचं काय होतं हा दुसरा मोठा प्रश्न. स्कूटरचा ३,००० रुपयांचा क्लेम घेतल्याने सेदानचा ५० टक्के जाणार असेल, तर स्कूटर खिशातून दुरुस्त करावी लागेल, म्हणजे स्कूटरला विमा असून नसल्यासारखा. एनसीबी गाडीनिहाय राहतो की पॉलिसीचा एकच, हे ईमेलवर लिहून घ्या. उद्या फ्लोटरमधून बाहेर पडलात तर प्रत्येक गाडीला कोणता एनसीबी घेऊन जाता येईल, तेही. दुचाकीचा एनसीबी कारला लागत नाही, हे धरूनच बोला.

दोनदा भरला जाणारा हप्ता

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, पण गाडीगणिक नाही. एका नावावर तीन गाड्या असतील तर एकच पुरतो. तरीही प्रत्येक रिन्युअलच्या पानावर त्या खुणेच्या चौकटीत टिक आधीच मारलेली असते आणि घाईत तिन्हींवर पैसे जातात. जानेवारी २०१९ पासून हा विमा वेगळा घेता येतो. एकापेक्षा जास्त गाड्या असणाऱ्याने वेगळाच घ्यावा, म्हणजे एखादी गाडी विकली तरी तो हलत नाही. गाडीसोबत घेतलेल्या कव्हरची भाषा ‘विमा उतरवलेल्या वाहना’पुरती असते, तेव्हा शब्द वाचा. मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही धरणारा १५ लाखांचा स्वतंत्र अपघात विमा आधीच असेल तर तोही चालतो, त्याचं घोषणापत्र द्यायचं. वेगवेगळ्या नावांवर गाड्या असतील तर मात्र प्रत्येक मालकाला आपला आपला हवा. ज्या मालकाकडे लायसन्सच नाही, म्हणजे बरेचदा आई, तिच्या गाडीवर हा हप्ता भरून काही उपयोग नाही.

पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्यासाठीचं वेगळं कव्हर ५० रुपयांना मिळतं, ज्या ज्या गाड्या तो चालवतो त्या सगळ्यांवर घ्या. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे नोंदलेलं हवं. किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीत ६० रुपये, एवढाच त्याचा खर्च. कर्ज असलेल्या गाडीपुढे बँकेचं नाव हवं आणि कर्ज फिटल्यावर ते काढलेलंही हवं, नाहीतर टोटल लॉसचा चेक बँकेच्या नावाने निघतो. गावी नोंदवलेली एमएच-०८ किंवा एमएच-०७ची गाडी मुंबईत चालवत असाल तर ओन डॅमेजचा दर नोंदणीच्या ठिकाणचा, म्हणजे झोन बीचा (मोठ्या शहरांबाहेरचा) लागतो. फ्लोटरचा कोट काढताना तिला मुंबईच्या गाड्यांसोबत झोन एमध्ये ढकललेलं नाही ना, बघा.

मग फ्लोटर कुणी घ्यावा? तिन्ही गाड्या एकाच नावावर, सगळ्यांचं लाँग टर्म थर्ड पार्टी संपलेलं, आयडीव्ही स्वतंत्र छापलेली आणि एनसीबी गाडीनिहाय, असं जुळून येत असेल त्याने. गाडी मुख्यतः पार्किंगमध्येच उभी असते, लोकलनेच जाणं-येणं होतं, अशा घराने त्याआधी किलोमीटरवर आधारलेल्या हप्त्याचा कोट घ्यावा. शनिवार-रविवारी फिरणाऱ्या गाडीला तो बऱ्याचदा फ्लोटरपेक्षा स्वस्त पडतो. त्यात सुरुवातीचा ओडोमीटरचा फोटो जपून ठेवा आणि मर्यादा ओलांडल्यावर टॉप-अप मिळतो की क्लेममधून कपात होते, ते आधी विचारा.

पॉलिसी हातात आली की शेड्यूलच्या पानावर प्रत्येक गाडीचा इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी, नोंदणीची तारीख आणि एनसीबी आरसीशी ताडून बघा. एका पानावर तीन गाड्या असल्या की चासी नंबर एकमेकांत मिसळतात. चूक दिसली तर त्याच आठवड्यात एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली लेखी दुरुस्ती, मागा. ते मोफत किंवा अगदी किरकोळ पैशात होतं. ईमेलला उत्तर नसेल तर बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार, आणि महिनाभरात निकाल लागला नाही तर सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही.